अमेरिकेत मॅच बघायला जाताना घेतलेला ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स : क्लेम करून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकतो, ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी. हेल्पलाइनला पाचपैकी साडेचार, हॉस्पिटलमधल्या कॅशलेसला तीन, क्लेम डिपार्टमेंटला दीड. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांशी बोललो, प्रत्येकाची कंपनी वेगळी आणि कथा साधारण हीच. त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीचा कमी आणि 'भारतातून घेतलेला, मॅच बघायला परदेशी जाणाऱ्यांचा मेडिकल इन्शुरन्स' या अख्ख्या प्रकाराचा जास्त आहे असं समजा.

ट्रिप होती जून २०२४ ची, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. मी आणि बाबा पुण्याहून, चुलतभाऊ एडिसनला न्यू जर्सीत राहतो त्याच्याकडे मुक्काम, ९ जूनची भारत-पाकिस्तान मॅच न्यूयॉर्कला नासाऊ काउंटीच्या त्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये. बाबांचं वय साठीच्या बरंच पुढे, बीपीची गोळी रोजची, बाकी तब्येत ठणठणीत. आमच्यातले दोन मित्र पुढे वेस्ट इंडिजला फायनलपर्यंत जाणार होते, त्यांचा अनुभव वेगळाच निघाला, तो खाली लिहितो.

पहिली गोष्ट, अमेरिकेच्या व्हिझिटर व्हिसाला इन्शुरन्स कोणी विचारत नाही. युरोपात जायचं असेल तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर दाखवावंच लागतं, त्याशिवाय फाइलच पुढे सरकत नाही, म्हणून पॅरिस ऑलिम्पिकला जे लोक गेले त्यांनी सगळ्यांनी काढला असणार. अमेरिकेचं तसं नाही, त्यामुळे जिथे उपचार सगळ्यात महाग तिथेच लोक बिनधास्त जातात. विमानतळावर, मॅचच्या दिवशी, नंतर एडिसनच्या मराठी मंडळींत मी जितक्यांना विचारलं त्यात 'अरे चार दिवसांचा प्रश्न आहे, काय होतंय' असं म्हणणारे भरपूर भेटले, आणि यातले अर्धे आईवडलांना घेऊन आलेले. तिकिटाला आणि विमानाला लाखात पैसे घालवायचे आणि काही हजारांच्या पॉलिसीला नको म्हणायचं हे मला खरंच पटत नाही.

घेताना काय काय बघितलं ते सांगतो. भारतातल्या बहुतेक कंपन्यांचे प्लान दोन भागांत असतात, अमेरिका-कॅनडा धरून आणि अमेरिका-कॅनडा सोडून. दुसरा बराच स्वस्त, आणि ऑनलाइन घेताना घाईत तोच सिलेक्ट होऊ शकतो, तेव्हा पॉलिसी हातात आली की त्यावर देशांची नावं वाचा. कव्हर साधारण ५०,००० डॉलरपासून ५ लाख डॉलरपर्यंत मिळतं. आम्ही अडीच लाख डॉलरचं घेतलं. बाबांचा प्रीमियम माझ्या जवळपास तिप्पट आला, वयामुळे, ते ठीक. पण खरी गोम प्रीमियममध्ये नाही, सबलिमिटमध्ये आहे. वय साठीच्या वर गेलं की बऱ्याच पॉलिसींत वर मोठ्या अक्षरात अडीच लाख डॉलर असतं आणि आत एका तक्त्यात रोजच्या खोलीला इतके, आयसीयूला इतके, सर्जनला इतके, डॉक्टरच्या व्हिजिटला इतके, तपासण्यांना इतके, ॲम्ब्युलन्सला इतके अशा मर्यादा असतात. म्हणजे हार्टचं ऑपरेशन झालं तर अडीच लाख मिळतील असं धरून चालता येत नाही, त्या त्या ओळीत जेवढं लिहिलंय तेवढंच मिळणार. काही कंपन्या थोडा जास्त प्रीमियम घेऊन सबलिमिट काढून टाकतात किंवा वाढवतात, तो ऑप्शन शोधून घ्या. एक लाखाचं बिनसबलिमिटचं कव्हर हे अडीच लाखाच्या सबलिमिटवाल्यापेक्षा मला तरी कधीही चांगलं वाटतं. आम्हाला तो ऑप्शन बाबांच्या वयाला त्या कंपनीत मिळाला नाही, आणि दुसऱ्या कंपनीत मिळत होता तर तिथे बीपीसाठी काहीच कव्हर नव्हतं, म्हणून हा घेतला.

बीपी आम्ही प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिलं, कधीपासून आहे, कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, सगळं. एजंट म्हणाला कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल, नाही लिहिलं तरी कुणाला कळतंय. असं सांगणारा एजंट भेटला तर सरळ दुसरा शोधा. पुढे आमचा क्लेम वाचला तो या एका ओळीमुळे.

आता त्या दिवसाचं. मॅच सकाळी साडेदहाची, आम्ही एडिसनहून पहाटेच निघालो, ट्रेन मग लाँग आयलंड रेल रोड मग शटल बस, मग सिक्युरिटीची रांग. वर पावसाने सुरुवात उशिरा, मग एक ओव्हर होऊन परत पाऊस, मग ऊन आणि दमट हवा. ते स्टेडियम म्हणजे एका पार्कात उभे केलेले लोखंडी-ॲल्युमिनियमचे स्टँड, डोक्यावर बहुतेक ठिकाणी छप्पर नाही. बाबा पाणी कमी पीत होते, कारण बाथरूमला जायचं म्हणजे पायऱ्या आणि रांग आणि तेवढ्यात विकेट जायची. सकाळी बीपीची गोळी घेतलेली, पोटात नीट अन्न नाही. भारत ११९ ला ऑलआउट, सगळे तोंड पाडून बसलेले, मग पाकिस्तानची बॅटिंग, आणि बुमराहने रिझवानला बोल्ड केलं तेव्हा अख्खं स्टँड एकदम उठलं, बाबाही ताडकन उठले आणि तसेच खाली बसले, मान एका बाजूला. दोनतीन सेकंदच असतील, पण माझ्या पायातला जीव गेला होता.

आजूबाजूच्यांनी खूप मदत केली, त्यात पाकिस्तानच्या जर्सीतला एक मुलगा होता तो स्वतः पॅरामेडिक होता, त्याने पाय वर करून ठेवले, नाडी बघितली. स्टेडियमची मेडिकल टीम आली, बीपी खूप खाली, ईसीजी काढला त्यात त्यांना काहीतरी शंका आली, म्हणाले या वयात ईआरला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूमला, न्यायलाच पाहिजे. तेव्हाच मी हेल्पलाइनला फोन लावला, ॲम्ब्युलन्स यायच्या आधी. हे मुद्दाम सांगतोय, पॉलिसीवर 'तातडीच्या उपचारांत २४ तासांत कळवा' असं काहीतरी असतं, पण जितक्या लवकर फोन तितका क्लेम नंबर लवकर, आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर तो नंबर सांगता आला की समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो.

हेल्पलाइनबद्दल मनापासून चांगलं लिहितो. फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला. भारतीय कंपन्या स्वतः अमेरिकेत काही करत नाहीत, त्यांची एक असिस्टन्स कंपनी असते तिच्याकडे हे काम असतं. फोनवरच्या बाईंनी आधी बाबा कसे आहेत, शुद्धीवर आहेत का, श्वास नीट आहे का हे विचारलं, पॉलिसी नंबर नंतर. मग म्हणाल्या ॲम्ब्युलन्सवाले जिथे नेतील तिथे जा, ते हॉस्पिटल आमच्या नेटवर्कमधलं आहे का ते बघत बसू नका, ईआरच्या रजिस्ट्रेशनला गेलात की मला तिथल्या माणसाशी बोलायला द्या. आणि खरंच बोलल्या. रात्री दोनदा स्वतःहून फोन, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. परक्या देशात बाप स्ट्रेचरवर आहे आणि आपल्याला इथलं काहीच माहीत नाही अशा वेळी शांत आवाजात पुढची एक-एक पायरी सांगणारं कुणीतरी असणं, मला विचाराल तर प्रीमियमचे अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते म्हणून लिहितो, अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे, ईआरमध्ये आलेल्या माणसाला पैसे आहेत की नाहीत हे न बघता तपासून स्थिर करावंच लागतं. म्हणजे इन्शुरन्स नाही म्हणून दारातून परत पाठवत नाहीत. पण फुकट नाही हं, बिल नंतर येतंच, आणि कसं येतं ते पुढे बघा. आणि प्रत्येक गोष्टीला ईआर लागत नाही. ताप, जुलाब, घोटा मुरगळणं, कानदुखी यासाठी तिकडे अर्जंट केअर नावाची क्लिनिक जागोजागी असतात, तिथला खर्च ईआरच्या मानाने अगदी थोडा. छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, बोलताना जीभ अडखळणं, अशा वेळी मात्र थेट ९११, हा तिकडचा इमर्जन्सीचा नंबर.

बाबांना रात्रभर ऑब्झर्वेशनला ठेवलं, सलाइन, परत ईसीजी, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते बघणारी तपासणी) दोनदा, डोक्याचा सीटी स्कॅन. सगळं नॉर्मल. शरीरातलं पाणी कमी होऊन, त्यात बीपीच्या गोळीचा असर, एकदम उठल्यामुळे चक्कर, असं निदान. मॅच आपण ६ धावांनी जिंकली हे बाबांना नर्सने सांगितलं, ती मूळची केरळची होती.

आणि दुसऱ्याच दिवशी, १० जूनला बातमी आली. मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष अमोल काळे, मूळचे नागपूरचे, तेही हीच मॅच बघायला आले होते आणि न्यूयॉर्कमध्येच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय फक्त ४७. आम्ही हॉस्पिटलच्या खोलीत ती बातमी वाचली आणि कुणी काही बोललं नाही. त्यानंतर मी पॉलिसीतलं एक कलम पहिल्यांदा नीट लक्ष देऊन वाचलं, परदेशात माणूस गेला तर पार्थिव भारतात आणण्याच्या खर्चाचं. वाचायला कुणालाच आवडत नाही, पण वाचा. किती रकमेपर्यंत आहे, कंपनी स्वतः व्यवस्था करते की घरच्यांनी खर्च करून नंतर मागायचा, हे दोन प्रश्न एजंटला विचारा. स्पोर्ट्स ट्रिपला जाणारे म्हणजे धडधाकट लोक असं आपण धरतो, पण झोप नाही, जेटलॅग, उन्हात तासन्‌तास, ताण, आरडाओरडा, गोळ्यांच्या वेळा चुकलेल्या, यात चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या हृदयावर काय ताण येत असेल याचा विचार करा.

आता बिलं. इथे आपल्याकडच्या माणसाची गल्लत होते. आपल्याकडे डिस्चार्जला एक बिल, भरलं की संपलं. तिकडे डिस्चार्जला कुणी काही मागितलंच नाही, सही घेतली आणि जा म्हणाले. मग पुढच्या काही आठवड्यांत भावाच्या पत्त्यावर एकेक पाकीट यायला लागलं. हॉस्पिटलचं वेगळं, ईआरच्या डॉक्टरांच्या ग्रुपचं वेगळं, सीटी स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं. तोपर्यंत आम्ही पुण्यात परत. ईआरला कागद भरताना तिकडचा असा पत्ता द्या जिथे कुणीतरी पाकिटं उघडून फोटो पाठवेल, हॉटेलचा पत्ता दिलात तर ही बिलं तुमच्यापर्यंत येणारच नाहीत आणि थेट वसुली एजन्सीकडे जातील.

असिस्टन्स कंपनीने हॉस्पिटलला पेमेंटच्या हमीचं पत्र पाठवलं होतं, त्यामुळे हॉस्पिटलचं मोठं बिल कॅशलेसमध्ये गेलं, त्यातून १०० डॉलर डिडक्टिबल म्हणजे आपला वाटा. डॉक्टर ग्रुपने मात्र अशी कुठली कंपनी आम्हाला माहीत नाही म्हणून बिल थेट बाबांच्या नावे काढलं. ॲम्ब्युलन्सचं बिल हजार डॉलरच्या वर आणि आमच्या पॉलिसीतली मर्यादा ४०० डॉलर, वरचे आम्ही भरले. याबद्दल तक्रार नाही, तक्त्यात लिहिलेलं होतं.

तक्रार पुढच्याबद्दल आहे. क्लेम डिपार्टमेंटने मागवलेल्या कागदांची यादी एकदम कधीच दिली नाही. एक पाठवला की दुसरा मागायचे. पासपोर्टची पानं, बोर्डिंग पास, डिस्चार्ज समरी हे ठीक. मग हॉस्पिटलचं यूबी-०४ आणि डॉक्टरांचा सीएमएस-१५०० हे फॉर्म मागितले. हे तिकडचे ठरलेले बिलिंग फॉर्म आहेत, पेशंटला आपणहून देत नाहीत, मागावे लागतात, आणि त्यासाठी पेशंटच्या सहीचं संमतिपत्र लागतं, प्रायव्हसीचा कायदा कडक आहे. मग मेडिकल माहिती देण्याच्या संमतीचा कंपनीचा स्वतःचा फॉर्म. मग पुण्यातल्या डॉक्टरांचं पत्र, बीपी कधीपासून. मग स्टेडियमचा इन्सिडेंट रिपोर्ट. हा मागितला तेव्हा ते स्टेडियमच शिल्लक नव्हतं, १२ जूनच्या भारत-अमेरिका मॅचनंतर लगेच ते उतरवायला सुरुवात झाली होती. स्टँड दुसरीकडून आणलेले, सगळं परत गेलं. सुदैवाने मेडिकल टीमने जो एक पानी कागद ॲम्ब्युलन्समध्ये दिला होता त्याचा मी तिथेच फोटो काढून ठेवला होता, तो चालला. तुम्हीही काढा, प्रत्येक कागदाचा, अगदी हातावरच्या पट्टीचासुद्धा.

त्यानंतर पत्र आलं की सदर आजार हा आधीपासूनच्या आजारामुळे झालेला दिसतो, तरी डॉक्टरांचं बिल नामंजूर. ते वाचून मला फार राग आला. बीपी जास्त असण्याचा आजार आहे आणि माणूस बीपी कमी होऊन पडलाय, डिस्चार्ज समरीत स्पष्ट डिहायड्रेशन लिहिलंय, आणि हॉस्पिटलचं बिल त्याच निदानावर तुम्हीच दिलंय, मग त्याच रात्रीच्या त्याच डॉक्टरांचं का नाही? शिवाय पॉलिसीतच लिहिलंय की आधीचा आजार जाहीर केलेला असेल आणि जीवावर बेतणारी तातडीची वेळ असेल तर मर्यादित रकमेपर्यंत कव्हर आहे. हे सगळं मुद्देसूद लिहून, डिस्चार्ज समरीतल्या त्या ओळीखाली रेघ मारून, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो, वेबसाइटवर सगळ्यात खाली बारीक अक्षरात ईमेल असतो. तिकडे भावाने डॉक्टर ग्रुपच्या बिलिंग ऑफिसला फोन करून क्लेम चालू आहे म्हणून खातं होल्डवर ठेवायला लावलं, हे ते करतात, फक्त दर महिन्याला परत फोन करावा लागतो. शेवटी मंजूर झालं. सगळं मिटेस्तोवर दिवाळी होऊन गेली होती.

समजा तरीही नाहीच म्हणाले असते, तर आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, बीमा भरोसा पोर्टल आहे, १५५२५५ हा नंबर आहे, आणि त्यापुढे विमा लोकपाल. लोकपालाचं ऑफिस मुंबईतही आहे आणि पुण्यातही, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघावी लागते एवढंच. लोक पहिल्या नकारालाच हात टेकतात, तसं करू नका, आपले पैसे आहेत.

आता एडिसनमध्ये सगळ्यांनी विचारलं तो प्रश्न, भारतातून घ्यायचा की अमेरिकेतल्या कंपनीचा? तिकडची मुलं आईवडलांसाठी बहुतेक तिकडचाच घेतात. त्यात दोन जाती आहेत. एक फिक्स्ड बेनिफिट, स्वस्त, प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, म्हणजे आपल्या सबलिमिटवाल्याचाच भाऊ, ईआरचं हजारोंचं बिल आलं तरी त्यातले काहीशेच मिळतील. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, डिडक्टिबलनंतर बिलाचा ठरलेला मोठा टक्का मिळतो, तिथल्या नेटवर्कमध्ये असतो त्यामुळे हॉस्पिटलं कार्ड ओळखतात, थेट बिलिंग होतं. आम्हाला डॉक्टर ग्रुपचा जो त्रास झाला तो त्यात झाला नसता असं मला वाटतं. त्यात जुन्या आजारासाठी 'ॲक्यूट ऑनसेट' नावाचं कलम असतं, म्हणजे जुना आजार अचानक, पूर्वसूचना न देता उसळला आणि २४ तासांत उपचार घेतले तरच, आणि वयाची अटही असते. त्या दोन शब्दांवर तिकडेही क्लेम अडतात. भारतातल्या पॉलिसीचा फायदा असा की भांडायचं झालं तर आपल्या देशात, आपल्या लोकपालापुढे. म्हणून माझं मत, साठीच्या आतल्या धडधाकट माणसाने भारतातून घ्यावा, साठीच्या वर, आणि अमेरिकाच असेल, तर तिकडचा कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या, महाग पडला तरी. आणि भारतातला घ्यायचा असेल तर विमानात बसायच्या आधी, तिकडे पोचल्यावर भारतातली कंपनी साधारण नवीन पॉलिसी देत नाही.

आमचे दोन मित्र बार्बाडोसला गेले, २९ जूनची फायनल केन्सिंग्टन ओव्हलला बघितली, आपण ७ धावांनी जिंकलो, आणि त्यानंतर बेरिल वादळ. जूनमध्येच कॅटेगरी ४ झालेलं वादळ, ब्रिजटाऊनचा विमानतळ बंद, आपली टीमच अडकली होती, ४ जुलैला सकाळी दिल्लीत पोचली, तर साध्या माणसांचं काय. त्यांच्या पॉलिसीची मुदत संपत आली होती. पण बऱ्याच पॉलिसींत अशी तरतूद असते की आपल्या हाताबाहेरच्या कारणाने परतीचा प्रवास लांबला तर मुदत काही दिवस आपोआप वाढते. त्यांच्यात होती. तरी त्यांनी ईमेल करून लेखी घेतलं, बरं केलं. हॉटेलच्या जास्तीच्या दिवसांचे पैसे ट्रिप डिलेमध्ये मिळाले, एअरलाइनचं फ्लाइट रद्दचं पत्र जोडल्यावर, फारशी कटकट न होता. त्यांची कंपनी आमच्यापेक्षा वेगळी होती आणि त्या बाबतीत उजवी निघाली हे मान्य करायला हवं. मॅचच्या तिकिटाचं मात्र कुठल्याच पॉलिसीत काही नव्हतं, ना आमच्या ना त्यांच्या, फ्लोरिडातल्या लॉडरहिलची भारत-कॅनडा मॅच एकही बॉल न पडता गेली त्याचं दुःख इन्शुरन्स कंपनीला सांगून उपयोग नाही. छोट्या बेटांवर जायचं असेल तर मेडिकल इव्हॅक्युएशनची रक्कम बघा, गंभीर काही झालं तर पेशंटला विमानाने दुसऱ्या देशात हलवावं लागू शकतं आणि त्या विमानाचा खर्च हॉस्पिटलपेक्षा जास्त.

दारूचं कलम बहुतेक पॉलिसींत आहे. दारूच्या अंमलाखाली झालेली इजा कव्हर नाही. स्टेडियममध्ये बिअर हातात घेऊन पायऱ्या उतरणारे किती असतात ते आपण बघतोच, आणि ईआरमध्ये 'प्यायलात का' हे विचारून कागदावर लिहितात. तरुण मंडळींनी हे गांभीर्याने घ्या.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात, तिथे इमर्जन्सी विभागातले उपचार सगळ्यांना मोफत आहेत, पण ॲडमिट केलं की बाहेरच्या देशातल्या माणसाला एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल लागतं, तेव्हा 'तिकडे सगळं फ्री आहे' यावर जाऊ नका. ऑस्ट्रेलियात आपल्याला मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना, लागू नाही, मेलबर्नच्या बॉक्सिंग डे टेस्टला जाणाऱ्यांनी ते धरून चालावं. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आहे, पोमोनाला, कॅलिफोर्नियात. बाबांनी आत्तापासून जायचं म्हणून लावून धरलंय आणि मी नेणार आहे. तेव्हा तिकडचा कॉम्प्रिहेन्सिव्ह, कमीत कमी अडीच लाख डॉलर, आणि खिशात मिठाची-साखरेची पाकिटं.

आणि एक, वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात गयाना किंवा त्रिनिदाद असेल तर यलो फीव्हरची लस घेतल्याचं कार्ड लागतं, भारतात परत येताना विमानतळावर विचारतात, नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरवरच मिळते, अपॉइंटमेंट लागते, आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. आमच्या मित्रांनी गयानाची सेमीफायनल बघितली होती, २७ जूनची, त्यांच्याकडे कार्ड होतं म्हणून सरळ बाहेर आले.